फाळक्याची उजवी बाजू

वाचनालयाच्या मंडळींनी अंकासाठी प्रवासवर्णन मागितलं तेव्हा मला हसू आलं. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला माणूस. त्याच्याइतका प्रवास तालुक्यात कुणी केला असणार, असं त्यांचं म्हणणं. पण कंडक्टर प्रवास करत नाही, तो नुसता गाडीत असतो. महाबळेश्वरला मी किती वेळा गेलो याला गणती नाही आणि तिथला एकही पॉइंट मी पाहिलेला नाही. स्टँडवरची कँटीन, कंट्रोलरची खिडकी आणि परतीची फेरी, एवढंच माझं महाबळेश्वर. निवृत्तीनंतर प्रवासी म्हणून एकच मोठा प्रवास झाला, तो नवी मुंबईचा. तिथे बघण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचाराल. मीही निघताना तेच म्हणत होतो.

गावात बहुतेकांना माहीत आहे, तरी नव्या मंडळींसाठी सांगतो. माझा मुलगा सुदाम वाशीच्या मार्केटात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर माथाडी होता. मागच्या माघात काविळीने गेला. यंदा त्याचं वर्षश्राद्ध उरकलं आणि लगेच वाण्याच्या दुकानातल्या फोनवर त्याच्या टोळीच्या मुकादमाचा निरोप आला. वर्ष झालं, आता घरच्यांनी येऊन जागा भरून द्यावी.

ही रीत त्यांच्या टोळीची. सगळ्या मार्केटात आहे की नाही, मला ठाऊक नाही. टोळीतला काम करणारा माणूस गेला की तो जिथे उभा राहायचा तिथे वर्षभर कुणी उभं राहत नाही. त्याचं काम बाकीचे अंगावर घेतात. वर्ष सरलं की घरातल्या मोठ्या माणसाने जायचं, नव्या माणसाला हाताला धरून त्या जागेवर चढवायचं आणि नारळ फोडायचा. नवा माणूसही ठरलेला होता. माझ्या सुनेचा, रंजनाचा भाऊ दिलीप, अंगापिंडाने दांडगा, कामाला वाघ. सगळ्यांना हे पसंत होतं.

मला पसंत नव्हतं. आणखी एक वर्ष थांबा, असं सांगायला मी निघालो होतो. का म्हणून कुणी विचारलं असतं तर नीट उत्तर देता आलं नसतं. घरातले त्याचे कपडे वाटून झाले होते, सायकल पुतण्याने नेली होती. सुदामाची म्हणावी अशी एकच जागा उरली होती, ती त्या मार्केटात, आणि तिथे दुसऱ्या कुणाला माझ्या हाताने उभं करायचं होतं. ते माझ्याने होणार नव्हतं.

आमच्या हिला मी यातलं काही बोललो नव्हतो. तिने पिशवीत भाकऱ्या, चटणी आणि चिक्कीचा पुडा भरला आणि दारात येऊन म्हणाली, “भरून या. पण मला येऊन सांगू नका.”

साताऱ्याच्या स्टँडवर ठाण्याची गाडी फलाटाला लागली होती. खिडकीजवळ बसलो आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. आता या पिशवीबद्दल सांगायलाच हवं. नोकरीत असताना माझा एक कायदा होता आणि त्यापायी मी सगळ्या मार्गावर बदनाम होतो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना मी जुमानत नसे. रुमाल, टोपी, उपरणं, एकदा तर एका नवरदेवाच्या मामाने पायातली वहाण टाकली होती. सगळं उचलून मी मालकाच्या हातात द्यायचो. जागा बसलेल्या माणसाची, वस्तूची नाही. लोक शिव्या घालायचे, मी तिकिटं फाडायचो.

आणि वर्षभर मीच पिशवीने जागा धरत होतो. सुदाम लहानपणी सुट्टीत माझ्या गाडीवर यायचा आणि कंडक्टरच्या सीटवर मला खेटून बसायचा. तो गेल्यापासून एसटीत बसलो की हात आपोआप पिशवी शेजारी ठेवायचा. हिला ते ठाऊक होतं. एकदा कोरेगावला जाताना ती माझ्या मागच्या सीटवर जाऊन बसली, पण पिशवी उचला असं म्हणाली नाही. त्यानंतर आम्ही एसटीत कधी शेजारी बसलो नाही.

गाडीचा कंडक्टर माझ्याच हाताखाली शिकलेला. पुण्याला गाडी भरली, माणसं उभी राहिली, तेव्हा तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “तात्या, इथं कुणी येणार आहे का?”

“येणार आहे,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि पुढे सरकला. कोण येणार, कुठल्या स्टॉपवर, हे त्याने विचारलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर विचारलं असतं.

लोणावळ्याला गाडी थांबली, चहा गुळचट होता. खंडाळ्याचा घाट उतरताना मालट्रकांच्या रांगेत आम्ही इतके रखडलो की पुढच्या ट्रकमागे लिहिलेलं सगळं मला पाठ झालं. घाटाखाली उतरल्यावर हवा चिकट झाली. पनवेलनंतर रस्ता रुंद होत गेला, डोंगर एका बाजूला राहिले आणि दुसऱ्या बाजूला मैदानात इमारती उभ्या दिसू लागल्या. सगळ्या एका वयाच्या, एका उंचीच्या, रंगसुद्धा बेताचा. आमच्याकडे गाव म्हटलं की एखादं जुनं झाड, एखादं पडकं देऊळ असतं. इथे सगळंच कालपरवा जन्मलेलं. काही इमारतींत एकाच खिडकीत कपडे वाळत होते, बाकी सगळा अंधार.

तुर्भ्यावरून गाडी ठाणे-बेलापूर रस्त्याला लागली. हा रस्ता नाकाने ओळखायचा. एका कारखान्यासमोर कुजक्या अंड्यांचा वास, पुढच्यासमोर औषधाच्या कपाटाचा, त्यापुढे काहीतरी गोडसर जळाल्याचा. मला तळवलीला उतरायचं होतं. आयुष्यभर झोपलेल्या प्रवाशांना खांद्याला धरून उठवलं, त्या मला नेमका त्या गोडसर वासाशी डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी रबाळ्याला पोचली होती. कंडक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, “तात्या, तुम्ही पण?” मी पिशवी उचलली आणि उतरलो. रस्त्याच्या कडेने, ट्रकांची धूळ खात, चालत मागे आलो. दमलो होतो. पोचायची घाई मात्र अजिबात नव्हती.

तळवली हे मूळचं आगऱ्यांचं गाव. शहर त्याला वळसा घालून वाढलं आहे. कौलारू घरं, दारात वाळत टाकलेली जाळी, आणि प्रत्येक घराला चिकटवून बांधलेल्या भाड्याच्या खोल्या. त्या खोल्यांत आमच्याकडची माणसं. एका गल्लीत मी उभा राहिलो तर एका दारातून पाटणची बोली, दुसऱ्यातून खटावची, आणि तिसऱ्यातून केबलवरची हिंदी. सुदामाची खोली ताराबाईंच्या घराला लागून. ताराबाई म्हणजे घरमालकीण, विधवा, ठसठशीत कुंकवाएवढी गोंदणाची टिकली, आवाज खाडीपलीकडे जाईल असा.

त्यांनी मला ओट्यावरूनच ओळखलं. “सुदामाचं बापूस ना तुमी? बसा. तोंडवळा तोच हाय. रंजना कामावरशी येल आता.” त्यांनी तांब्या दिला आणि न विचारता जेवायलाही वाढलं. तांदळाची भाकरी आणि जवला (वाळवलेली बारीक कोळंबी) कांद्यावर परतलेला. आमची ज्वारीची भाकरी चावावी लागते, ही तोंडात विरते. जवल्याचा पहिला घास मी जरा बिचकत घेतला. दुसरी भाकरी मी मागून घेतली हे खरं असलं तरी घरी सांगितलेलं नाही.

ऊन कलल्यावर त्या मला खाडीच्या बाजूला घेऊन गेल्या. बांधावर उभं राहून त्यांनी समोरच्या इमारतींकडे हात केला. तिथे त्यांची भातखाचरं होती, पलीकडे दिराचं मिठागर. नव्या शहरासाठी सगळं गेलं. पहिली काही वर्षं त्या रोज संध्याकाळी इथे येऊन उभ्या राहायच्या. इमारतीचा पाया खणताना तर वॉचमनशी भांडणही झालं होतं, असं त्यांनी हसत सांगितलं. मी विचारलं, आता येत नाही का?

“आता कवा तरी. पाहुना आला तं दाखवाला,” त्या म्हणाल्या. “पयले मना वाटं, मी नाय आले तं शेत बोलंल, ही इसरली. शेत काय बोलतंय? मीच बोलत व्हते.”

 बाईंना माझ्या मनातलं कसं कळलं, याचा विचार करत परत आलो. त्यांना काही कळलेलं नव्हतं, त्या फक्त त्यांच्या शेताबद्दल बोलत होत्या.

रंजना मसाले दळण्याच्या कारखान्यात पाकिटं भरायला जाते. आली ती हळदीने पिवळी झालेली बोटं घेऊन. पाया पडली, चहा टाकला. खोली स्वच्छ, एका भिंतीवर सुदामाचा फोटो, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार. फोटो लग्नातला, त्यामुळे तो जरा घाबरलेला दिसतो. तिच्याकडेच राहणारा दिलीप बाहेर ओट्यावर जाऊन बसला, मोठ्यांच्या बोलण्यात नको म्हणून. चांगला मुलगा आहे. त्याच्याकडे पाहून मला राग येत होता, आणि तो का येतो हेही कळत होतं.

मी कसं सुरू करावं याचा विचार करत होतो. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती, दिलीपला दुसरी टोळी बघू, एवढी घाई कशाला, वगैरे. रंजनाने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि खालीच बसली.

“मामंजी, तुमी न्हाई म्हणायला आलाय, व्हय ना?”

मी चहा बशीत ओतायला लागलो.

“आत्तींच्या फोनवरनंच कळलं मला. त्या म्हणाल्या, हे निघाल्यात पर यांचं चित्त न्हाई. मामंजी, तुमी गावाला हाय. मी हितं हाय. टोळीतली माणसं सकाळी ह्या दारावरनंच जात्यात. ती जागा मोकळी हाय तवर मला वाटत ऱ्हातंय, हे गावाला गेल्यात, येतील. जेवताना वाटतंय, कडी वाजली की वाटतंय. एक वरीस मी वाट बघितली. मला आता वाट बघायची न्हाई.”

ती रडली नाही. रडली असती तर मला समजूत काढता आली असती, आणि समजूत काढता काढता आपलं म्हणणंही पुढे सरकवता आलं असतं. तसं काही झालं नाही. मी एवढंच म्हणालो की उद्या मार्केटात जाऊन बघतो. ती उठून भाकरी थापायला लागली. रात्री मला झोप चांगली लागली, याचं मला वाईट वाटलं.

सकाळी दिलीप मला मार्केटात घेऊन गेला. मार्केट म्हणजे आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखं काही नसतं. हे वेगळंच गाव आहे, त्याला रस्ते आहेत, फाटक आहे, देवळं आहेत, न्हाव्याची दुकानं आहेत. कांदा-बटाट्याच्या विभागात लांबच लांब गाळ्यांच्या रांगा, त्यांना पाठ लावून उभे असलेले ट्रक, आणि पायाखाली कांद्याच्या पापुद्र्यांचा थर, इतका की चालताना पाऊल वाजत नाही. एक सांगतो, अख्ख्या कांद्याने डोळ्यांना पाणी येत नाही. तो चिरावा लागतो. त्यामुळे तिथे ज्याला रडायचं असेल त्याला काही सबब मिळत नाही.

टोळी चहाला बसली होती. सगळे आमच्याच भागातले, बनियन, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, हातात आकडा (गोण ओढायचा लोखंडी हूक). बापू मुकादम उठून आले. “आलासा तात्या? बसा.” कुणी तोंड वेडंवाकडं केलं नाही, कुणी सुदामाचे गुण गायले नाहीत. एकाने बाकावर जागा करून दिली, दुसऱ्याने चहा आणला. आणि मी त्यांच्याकडे बघत असताना मला एक गोष्ट दिसली. सगळ्यांचा डावा खांदा उतरलेला होता. कंडक्टरचाही एक खांदा पिशवीने उतरतो, मी घरी आरशात रोज तो बघतो, त्यामुळे असं काही माझ्या नजरेतून सुटत नाही. पण एकाचा उतरतो, दोघांचा उतरतो. अख्ख्या टोळीचा एकच खांदा कसा उतरेल?

ट्रक लागला आणि ते कळलं. ट्रकच्या मागची फळी खाली पाडली की तिला फाळका म्हणतात. फाळक्यावर दोघे उभे राहतात, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. गोणीचे दोन कान, म्हणजे वरची दोन टोकं, दोघे धरतात, ‘हं’ म्हणून एकदम उचलतात आणि खाली पाठ देऊन वाकलेल्या माणसाच्या पाठीवर मधोमध ठेवतात. तो गोण घेऊन गाळ्यात जातो, त्याच्या जागी दुसरा येऊन वाकतो. सुदाम उजव्या बाजूचा. डाव्या बाजूला मारुती, त्याचा जोडीदार, काळासावळा, अबोल माणूस.

आता फाळक्यावर मारुती एकटाच होता. एक कान हाताने धरून, दुसऱ्या कानात आकडा अडकवून, गुडघ्याने रेटा देत तो गोण कडेला आणायचा आणि तिरकी सोडायचा. ती खालच्याच्या डाव्या खांद्यावर आदळायची. तो दात आवळून सावरायचा आणि निघायचा. फाळक्याची उजवी बाजू मोकळी होती. मारुती एक पाऊल टाकून मध्ये उभा राहिला असता तरी गोण नीट पडली असती. त्याने ते पाऊल टाकलं नाही. वर्षभर टाकलं नव्हतं, कारण ती सुदामाची बाजू होती.

मी बाकावर बसून बघत होतो. वाक्यं तयार होती. एवढ्यात मारुतीने एका गोणीचा डावा कान धरला, आकडा लावायचा विसरला, उजवीकडे मान वळवली आणि म्हणाला, “हं.”

आणि थांबला. खाली एक जण पाठ वाकवून उभा होता, तोही थांबला. मागची रांग थांबली. मारुती तसाच मान वळवून त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. जरा वेळाने खालचा माणूस वाकलेला असतानाच हळू आवाजात म्हणाला, “मारुती, सोड की.” मारुतीने खाली मान घातली, आकडा लावला आणि गोण तिरकी सोडली. काम पुन्हा सुरू झालं.

बापू माझ्या शेजारी उभे होते. “रोज एकदा तरी हुतंय, तात्या,” ते म्हणाले. “आमी काय बोलत न्हाई.”

मला माझीच लाज वाटली. मी एक वर्ष आणखी मागायला आलो होतो आणि ते कुणाच्या खांद्यावरून मागत होतो हे आत्ता दिसत होतं. मी गावात ओसरीवर बसून सुदामाची जागा राखत होतो. ती इथे ही माणसं पाठीवर वाहत होती, आणि रंजना त्या खोलीत कडीच्या आवाजाकडे कान देऊन वाहत होती. ती मोकळी ठेवल्याने सुदाम कुठेही परत येत नव्हता. तो गेला होता. हे मी वर्षभरात हजार वेळा लोकांना सांगितलं होतं, भेटायला येणाऱ्यांना, तलाठ्याला, एसटीतल्या जुन्या सोबत्यांना. स्वतःला सांगायचं राहून गेलं होतं.

मी उठलो आणि बापूंना म्हणालो, “भरतो जागा. पण त्याआधी एकदा मला चढू द्या.”

त्यांनी माझ्या वयाकडे बघितलं, मग दोघांनी मला हात देऊन वर घेतलं. उजव्या बाजूला उभा राहिलो. तिथून गाळ्याचं छप्पर दिसतं, त्याच्या फटीतून थोडं आभाळ, आणि समोर मारुतीचा चेहरा. बस्स, एवढंच. सुदाम रोज सकाळी एवढंच बघत असणार. मी गोणीचा कान धरला. मारुती माझ्याकडे बघून, अगदी हळू, “हं” म्हणाला. मी सगळा जोर लावला. गोण टीचभर उचलली गेली, कानाची शिवण उसवली आणि कांदे धडाधड फाळक्यावरून खाली वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर पडले.

पहिल्यांदा मारुती हसला. मग खालचा माणूस डोकं चोळत हसला, मग सगळी रांग. गाळ्यातला व्यापारी धावत आला आणि काय झालं ते बघून तोही हसला. मीही हसलो, आणि हसता हसताच फाळक्यावर बसून रडायला लागलो. कांदा चिरलेला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना कळलं. कुणी मला थांबवलं नाही. त्यांनी खाली सांडलेले कांदे गोळा करून दुसऱ्या गोणीत भरले, आणि तोवर मला रडू दिलं.

मग मी दिलीपला हाक मारली. तो खाली उभा होता, तोंड उतरलेलं, जणू काही त्यानेच काही गुन्हा केला होता. त्याचा हात धरून मी त्याला वर घेतलं आणि उजव्या बाजूला उभं केलं. बापूंनी नारळ फोडला. मी म्हणालो, “ही तुझी बाजू.” 

दिलीप सुदामासारखा नाही. पहिल्याच गोणीला मारुती ‘हं’ म्हणायच्या आधी दिलीप ‘चल’ म्हणाला. गोण वाकडी झाली. दुसऱ्या गोणीला दोघे एकदम बोलले. तिसरी की चौथी कधीतरी खालच्याच्या पाठीवर मधोमध बसली. तो माणूस गोण घेऊन दोन पावलं चालला, थांबला, आणि आपल्याला काय वेगळं वाटतंय ते न कळल्यासारखा खांदे हलवून बघू लागला. मी खाली उतरून उरलेला चहा प्यायलो. तो गार झाला होता.

रंजनाला मी काही सांगायला गेलो तर ती म्हणाली, दिलीपचा डबा आता उद्यापासून दुप्पट लागेल, आणि वळून डब्यातलं पीठ बघू लागली. थोड्या वेळाने तिने डोळ्यांना पदर लावला. निघताना ताराबाईंनी घरी नेण्यासाठी जवल्याची पुडी दिली. मी नको नको म्हणत पिशवीच्या अगदी तळाशी घातली, वास लागू नये म्हणून. वास लागलाच.

परतीच्या साताऱ्याच्या गाडीत खिडकी मिळाली. पिशवी नेहमीसारखी शेजारी ठेवली, हात सवयीचा गुलाम. बाहेर तेच कारखाने, तेच वास, त्याच एका वयाच्या इमारती. आता त्यांच्याकडे बघताना मला त्यांच्याखालची खाचरं आठवत होती, जी मी कधी पाहिलेली नाहीत. अंगात थकवा होता, सगळं अंग आंबलेलं. दुःख कमी झालं होतं असं म्हणणार नाही. ते जिथल्या तिथे होतं. फक्त त्याच्याशी भांडायची ताकद संपली होती, आणि भांडण थांबलं म्हणून जरा निवांत वाटत होतं.

पनवेलला गर्दी चढली. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई सीटपाशी आली. “बाबा, इथं कुणी येणार आहे का?”

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. “नाही. बसा.”

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. हिने पाय धुवायला पाणी दिलं, काही विचारलं नाही. मीही तिने बजावल्याप्रमाणे काही सांगितलं नाही. ओसरीवर बसलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने तिने आतूनच विचारलं, “गाडीला गर्दी होती का?”

“होती. पनवेलपासून शेजारी एक बाई बसली होती. तिच्या लेकराने सगळी चिक्की संपवली.”

थापण्याचा आवाज थांबला.

“मग पिशवी?”

“मांडीवर होती.”

ती बाहेर आली. हात पिठाचेच होते. ओसरीवर माझ्या शेजारी बसली, अगदी खेटून, आणि माझ्या उतरलेल्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. वर्षभर आम्ही दोघे रडलो होतो, पण ती परसात आणि मी मळ्यात. एका जागी बसून त्या दिवशीच पहिल्यांदा रडलो. तव्यावरची भाकरी करपली. आम्ही ती तशीच अर्धी अर्धी खाल्ली.